कुर्ल्याची पद्मिनी

मुंबईची टॅक्सी म्हटली, की काळ्या अंगाची नि पिवळ्या टपाची फियाट डोळ्यांपुढे उभी राहते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी. १९६४ साली ती ‘डिलाइट’ म्हणून आली, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. नाव राणीचे, नशीब मात्र मोलकरणीचे! दिवसपाळीचा माणूस उतरला, की रातपाळीचा चढे. म्हातारे इंजिन तेल पिऊ लागे, धूर ओकू लागे, आणि मागचे जग खोकत राही.

हा धूर अखेर न्यायालयात पोचला. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्स्यांना बजावले, स्वच्छ वायूवर चाला, नाहीतर रस्ता सोडा. मग डिकीत सिलिंडर बसला आणि उतारूची ट्रंक टपावर चढली. पुढे सरकारने टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांवर आणले. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर थांबली.

धूर गेला, उत्तम झाले. परंतु मोकळा श्वास साऱ्या शहराने घ्यायचा आणि नव्या गाडीचे कर्ज एकट्या टॅक्सीवाल्याने फेडायचे, हा हिशेब मला सरळ वाटत नाही.

मोडीत निघालेल्या कित्येक गाड्या पुन्हा कुर्ल्यालाच आल्या. तेथील भंगारवाल्यांच्या गाळ्यांत दारे, दिवे, काचा निराळ्या निघतात. उरलेला पत्रा भट्टीकडे जातो.