वांद्र्याचा किल्ला कोणी पाडला?

शनिवारी नाशिकरोडहून पंचवटीने दादर, मग लोकलने वांद्रे. बँडस्टँडवरून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला चालत राहिलं की टोकाला ‘कास्तेला द आग्वादा’ लागतो. नाव भारदस्त, उरलेत मात्र पडके तट. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये टेहळणीसाठी बांधला. आग्वादा म्हणजे पाणी भरायची जागा. इथल्या झऱ्यावर जहाजं गोडं पाणी घ्यायची. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेली आणि समोरचं माहीम शेजाऱ्याचं झालं.

इथल्या पहारेकऱ्यांची नजर समुद्रावर आणि मराठे आले दुसऱ्याच बाजूने! १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पा वसईला भिडले. (अप्पांचं आजोळ आपल्या सिन्नरजवळचं डुबेरे, हे मुंबईकरांना सांगायलाच हवं.) आता हा किल्ला मराठ्यांना मिळाला तर तोफा थेट माहीमवर! म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या संमतीने त्याचा बराच भाग पाडून टाकला. मराठ्यांनी न घेताच किल्ला गेला की हो!

परवा तिथे सगळे सी-लिंकचे फोटो काढण्यात दंग होते. तुम्ही गेलात तर आधी उत्तरेकडचं दार बघा, पोर्तुगीज शिलालेख तिथेच आहे.