चिंतामणराव देशमुख यांचे शैक्षणिक कार्य

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय प्रशासक, अर्थतज्ज्ञ, संस्कृत पंडित व शिक्षणक्षेत्रातील संस्थानिर्माते होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देणारे केंद्रीय अर्थमंत्री म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्या मानाने त्यांच्या शैक्षणिक कार्याची चर्चा कमी होते. विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ, भारतीय सांख्यिकी संस्था व इंडिया इंटरनॅशनल सेंटर या चार संस्थांमधून त्यांनी केलेल्या कार्यामुळे भारतीय उच्च शिक्षणाचा पाया रुंदावला आणि परदेशी विद्यार्थी व विद्वान यांना भारतात येऊन शिकण्यास अनुकूल वातावरण निर्माण झाले. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या कार्याचा परामर्श घेतला आहे.

जन्म व शिक्षण

चिंतामणरावांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड जिल्हा) महाड तालुक्यातल्या नाते या गावी झाला. हे गाव महाडहून किल्ले रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. आईचे नाव भागीरथीबाई. चिंतामणरावांचे बालपण मुख्यतः रोहे परिसरात गेले व पुढील शालेय शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये झाले.

इ.स. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. संस्कृतसाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. नाना शंकरशेठ यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली ही शिष्यवृत्ती त्या काळी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांमध्ये विद्वत्तेची कसोटी मानली जात असे.

एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ शिकल्यानंतर, पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१५ साली ते इंग्लंडला गेले व केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी नैसर्गिक विज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांनी पटकावले. १९१८ साली लंडन येथे झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले. पुढे १९५२ मध्ये जीझस कॉलेजने त्यांना सन्माननीय फेलो म्हणून निवडले.

प्रशासनाकडून शिक्षणाकडे

मध्य प्रांत व वऱ्हाड येथे प्रशासकीय सेवा बजावल्यानंतर १९३९ साली त्यांचा रिझर्व्ह बँकेशी संबंध आला. ११ ऑगस्ट १९४३ ते ३० जून १९४९ या काळात ते बँकेचे गव्हर्नर होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी भाग घेतला. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले व १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले. मुंबईतील गोळीबारांची न्यायालयीन चौकशी होत नाही, हेही त्यांच्या असंतोषाचे एक कारण होते. सत्तेपासून दूर झालेल्या या माणसाकडे त्याच वर्षी उच्च शिक्षणाची धुरा आली. त्यामुळे १९५६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील मोठे वळण ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोग

विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन डिसेंबर १९५३ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते झाले होते. १९५६ च्या कायद्याने आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला. त्यानंतर १९६१ पर्यंत देशमुख आयोगाचे अध्यक्ष होते. विद्यापीठीय शिक्षणाचा समन्वय साधणे, अध्यापन, परीक्षा व संशोधन यांचा दर्जा ठरवून तो राखणे आणि त्यासाठी अनुदान देणे, ही कामे कायद्याने आयोगाकडे सोपवली होती. ग्रंथालये, प्रयोगशाळा, वसतिगृहे, अध्यापकांच्या वेतनश्रेणी व तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम हे त्या काळातील आयोगापुढील प्रमुख विषय होते.

या कामाचा परदेशी विद्यार्थ्यांशी असलेला संबंध अप्रत्यक्ष, पण मूलभूत आहे. स्वतंत्र भारताने १९४९-५० पासून आशिया व आफ्रिकेतील विद्यार्थ्यांसाठी सामान्य सांस्कृतिक शिष्यवृत्ती योजना सुरू केली होती. १९५९ च्या ऑक्सफर्ड परिषदेत राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजनेचा पाया घातला गेला. या योजना सरकारी पातळीवरच्या होत्या. त्यांचे श्रेय एकट्या देशमुखांना देता येत नाही. मात्र शिष्यवृत्ती म्हणजे केवळ दरमहा मिळणारी रक्कम नव्हे. विद्यार्थ्याला शिकवणारा अध्यापक, राहण्यासाठी वसतिगृह आणि मायदेशी परतल्यावर मान्य होईल अशी पदवी नसेल, तर शिष्यवृत्ती कागदावरच राहते. ही मागची बाजू भक्कम करण्याचे काम आयोगाचे होते.

भारतीय सांख्यिकी संस्था व परदेशी प्रशिक्षणार्थी

देशमुख १९४५ ते १९६४ या प्रदीर्घ काळात कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. या संस्थेचे संस्थापक व प्रत्यक्ष शिल्पकार प्रशांतचंद्र महालनोबिस होत. १९५० साली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या सहकार्याने आणि युनेस्को व भारत सरकारच्या आश्रयाखाली येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र सुरू झाले. आशियातील व पुढे आफ्रिकेतील देशांच्या प्रशिक्षणार्थींना येथे सांख्यिकीचे सैद्धांतिक व व्यावहारिक शिक्षण दिले जाऊ लागले. कोलंबो योजना आणि १९६४ पासून भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम यांसारख्या माध्यमांतून अशा प्रशिक्षणार्थींना पाठ्यवृत्ती मिळत गेल्या.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला जनगणना, पीक-अंदाज, राष्ट्रीय उत्पन्न यांचे हिशेब स्वतः करता यावेत, यासाठी प्रशिक्षित माणसे हवी असतात. ती घडवण्याची सोय लंडन-केंब्रिजइतकीच कोलकात्यातही होऊ शकते, हे या केंद्राने दाखवून दिले. १९५९ च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता व पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हाही अध्यक्षपद देशमुखांकडेच होते.

इंडिया इंटरनॅशनल सेंटर

विविध देशांतील विचारवंत, अध्यापक व अभ्यासक यांना एकत्र येता यावे, म्हणून दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात आले. सर्वपल्ली राधाकृष्णन व अमेरिकेतील जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांचा या कल्पनेला पाठिंबा होता. संस्थापक-अध्यक्ष या नात्याने ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी देशमुखांनी उचलली. ३० नोव्हेंबर १९६० रोजी जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी कोनशिला बसवली. वास्तुरचनाकार जोसेफ अ‍ॅलन स्टाइन यांनी आराखडा केलेल्या या वास्तूचे उद्घाटन २२ जानेवारी १९६२ रोजी राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. ग्रंथालय, सभागृह व निवासव्यवस्था एकाच आवारात असल्याने बाहेरून आलेल्या अभ्यासकाला दिल्लीत हक्काची जागा मिळाली.

दिल्ली विद्यापीठ

१९६२ ते १९६७ या काळात देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ मध्येच या विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाचा देशातील पहिला विभाग सुरू झाला. नोकरी, घरची जबाबदारी किंवा अंतर यांमुळे महाविद्यालयात न जाऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यामुळे पदवीचा मार्ग मोकळा झाला. दूरस्थ शिक्षणाच्या आजच्या विस्ताराचे मूळ या प्रयोगात आढळते.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांचेही शिक्षणक्षेत्रातील कार्य स्वतंत्रपणे महत्त्वाचे आहे. आंध्र महिला सभेच्या त्या संस्थापक होत्या, तसेच १९५८ साली नेमलेल्या राष्ट्रीय स्त्री-शिक्षण समितीच्या अध्यक्षा होत्या.

संस्कृताचा व्यासंग

विद्यार्थिदशेत जडलेली संस्कृतची गोडी त्यांनी अखेरपर्यंत जपली. कालिदासाच्या 'मेघदूता'चा त्यांनी मराठीत अनुवाद केला. महात्मा गांधींची शंभर वचने त्यांनी संस्कृत पद्यात आणली. ती 'गांधीसूक्तिमुक्तावली' या नावाने प्रसिद्ध आहेत. 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे त्यांचे आत्मचरित्र १९७४ साली प्रकाशित झाले.

सन्मान व स्मृती

१९५९ साली शासकीय सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना फिलिपिन्सचे शिक्षणतज्ज्ञ होसे आगिलार यांच्यासह विभागून मिळाला. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने २००४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रोहे येथील महाविद्यालय, ठाण्यातील प्रशासकीय प्रशिक्षण संस्था व इंडिया इंटरनॅशनल सेंटरमधील सभागृह यांना त्यांचे नाव दिलेले आहे.

मूल्यमापन

देशमुखांच्या शैक्षणिक कार्याची ओळख एखाद्या गाजलेल्या शिष्यवृत्तीवरून होत नाही. त्यांनी घडवलेल्या व सांभाळलेल्या संस्थांवरून ती होते. त्यांच्या पिढीतील हुशार भारतीय विद्यार्थ्याला उच्च ज्ञानासाठी समुद्र ओलांडावा लागे. नात्यात जन्मलेला मुलगाही त्याच वाटेने केंब्रिजला गेला. चार दशकांनंतर तोच माणूस अशा संस्थांच्या प्रमुखपदी होता, जिथे शिकण्यासाठी इतर देशांतील तरुण भारतात येत होते. ज्ञानाचा प्रवास एकाच दिशेने होऊ नये, तो दोन्ही बाजूंनी व्हावा, हे त्यांच्या कार्याचे सार म्हणता येईल. महाड परिसरातील विद्यार्थ्यांना त्यांचे चरित्र आजही जवळचे वाटते, ते याच कारणाने.