कुरणाचे दप्तर

इंग्लंडमधील हेरफर्ड येथे १८६८ साली डॉ. हेन्री बुल यांच्या पुढाकाराने वूलहोप क्लबचे सभासद अळंबी शोधत रानोमाळ हिंडले. यांतली खाण्याजोगी कोणती, हे कुतूहल तेव्हा मोठे होते. १८९६ साली ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली आणि अशा भटकंतीला शास्त्रीय बैठक मिळाली.

पुढे प्रश्नच बदलला. १९८५ साली डेन्मार्कच्या एरिक राल्ड यांनी ‘हायग्रोसायबी’ या मेणचट, रंगीत टोपीच्या अळंब्यांच्या जाती मोजून कुरणाचे मोल ठरवण्याची रीत सुचवली: १७ किंवा अधिक जाती आढळल्या, तर कुरण राष्ट्रीय महत्त्वाचे. या अळंब्यांना नांगर आणि रासायनिक खत सोसत नाही. त्यामुळे शरदातली ही गणती म्हणजे जमिनीचे जुने दप्तर वाचणेच. खताच्या चार पोत्यांनी ते पुसले गेले, की पुन्हा उमटायला दशके लागतात.