बाळू पालवणकर: गोलंदाज चालला, कर्णधार चालला नाही

"गुणवत्तेला जात नसते" असे आम्हाला ऐकवणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे: मग बाळू पालवणकरांना हिंदू संघाचे कर्णधार का नेमले नाही? चांभार समाजातल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याआधी पुण्यात याच गोलंदाजाला चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. त्याने टाकलेला चेंडू चालत होता, कपाला त्याचा हात चालत नव्हता.

मुंबईच्या मैदानांवर ते हिंदू संघासाठी वर्षानुवर्षे बळी घेत राहिले. कर्णधारपद सवर्णांकडेच राहिले. १९२० मध्ये धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघ सोडला, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ मध्ये. म्हणजे गुणवत्ता होतीच, पद मात्र भांडून मिळवावे लागले.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने भायखळा-परळमध्ये याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब १३,२४५ मते घेऊन जिंकले. बाळूंना ११,२२५ मिळाली. पण तेवढ्यावरून त्यांना आपल्या इतिहासातून वगळू नका. त्यांना पुढे करणारे कोण होते, ते ओळखा.

जय भीम!