राजगडाचं नेढं आणि आमचा बेत

सुईला नेढं असतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. डोंगरालाही नेढं असतं, हे मात्र गडांवर फिरायला लागल्यावर कळतं. कातळाला आरपार पडलेलं नैसर्गिक भोक म्हणजे नेढं. रतनगडाला आहे, आणि राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे. अमेरिकेतल्या मावसभावाने युटाच्या वाळवंटातल्या दगडी कमानींचे फोटो पाठवले आणि खाली "आपल्याकडे असलं काही नाही" असं लिहिलं, तेव्हापासून आमच्या घरात राजगडाचा बेत शिजतो आहे. (दादा, वाचतो आहेस ना?)

तिकडचा दगड वालुकाश्म, आपला काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला हा मुलूख तयार झाला. सगळे थर सारखे कणखर नसतात. ऊन, पाऊस आणि वारा यांनी ठिसूळ भाग झडत जातो आणि वरचा टणक कातळ छपरासारखा उरतो. अर्थात हे काम थांबत नाही. युटातली वॉल आर्च नावाची कमान २००८ साली एका रात्रीत कोसळली. नेढंही काही कायमचं नाही, फक्त त्याचं आयुष्य आपल्यापेक्षा फार मोठं आहे.

आता बेताचं. मंडळी आहेत पाच, पण खरा प्रश्न आईचा. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि राजगड बघायची इच्छा मात्र लग्नाच्या आधीपासूनची. "पुढच्या वर्षी जाऊ" असं म्हणण्यात किती वर्षं गेली, याचा हिशेब तिने परवा सगळ्यांसमोर मांडला. त्यावर कोणी काही बोललं नाही.

वाट ठरवायला बसलो आणि लक्षात आलं की हा निर्णय साडेतीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे. गुंजवण्याहून येणारी वाट जवळची आणि तरुण पोरांच्या आवडीची. पण ती चोरदरवाज्याने वर निघते. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा, आता रेलिंग आहे, तरी दम काढणारा. तो अवघड असायलाच हवा होता, चोरदरवाजा कोणाच्या सोयीसाठी बांधत नाहीत! पाली गावाची वाट लांबची, पण ती राजमार्ग. पायऱ्यांची, आणि तिचा दरवाजा एवढा प्रशस्त की अंबारीसकट हत्ती आत यावा. म्हणजे या वाटेने राजघराण्यातली वडीलधारी माणसं, बायका-मुलं वर येणार, हे बांधणाऱ्यांनी धरलेलंच होतं. राजगड नुसता लढायचा किल्ला नव्हता, सुमारे पंचवीस वर्षं तो राजधानी होता, म्हणजे एक नांदतं घर होता. सईबाई १६५९ साली इथेच गेल्या. पद्मावती माचीवर त्यांची समाधी दाखवतात. १६६६ साली आग्र्याहून निसटून महाराज परतले ते इथेच. १६७० च्या फेब्रुवारीत राजाराम महाराज इथेच जन्मले. आणि आपल्या कोल्हापूरची गादी त्यांच्याच शाखेची! तेव्हा कोल्हापूरकरांनी राजगडाला जाणं हे एका अर्थी आजोळी जाण्यासारखंच.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले निवडले, त्यांत आपला पन्हाळा आणि राजगड दोन्ही आहेत. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते. राजगडावर चालावंच लागतं, आणि आईला नेमकं तेच हवं आहे.

तर ठरलं ते असं. डिसेंबरातला एखादा साधा वार, शनिवार-रविवारची गर्दी नको. पहाटे चारला निघायचं. कराड, सातारा, खंबाटकी करत नसरापूर फाट्याला डावीकडे वळायचं, सगळं मिळून २०० किलोमीटरच्या आसपास. साडेआठ-नऊला पायथा, आईच्या चालीने बारापर्यंत पद्मावती माची. तिथे शिदोरी सोडायची आणि मग तिलाच विचारायचं. माचीवरून पुढे नेढ्यापर्यंत चाल आहे आणि शेवटी थोडं कातळावर चढावं लागतं. जमलं तर सगळे, नाही तर मी तिच्याजवळ थांबणार आणि बाकीचे जाऊन येणार. अडीच वाजता जिथे असू तिथून परत. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तरं-सेंट आणि आरडाओरडा घरी ठेवून यायचा. पुतण्याला खास सूचना दिलेली आहे.

नेढ्याबद्दल मला सगळ्यात आवडतं ते हे, की एवढा गड बांधणाऱ्यांनी ते बुजवलं नाही. डोंगराने जे आधीच करून ठेवलं होतं ते तसंच राहू दिलं आणि तट त्याच्या कलाने नेला. आमचाही बेत तसाच आहे. आईचे गुडघे आहेत तसे धरायचे आणि दिवस त्यांच्या कलाने आखायचा. नेढ्यात बसून वारा खायला मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तरी ती राजमार्गाने गडावर गेलेली असेल, आणि "पुढच्या वर्षी" हा शब्द आमच्या घरातून एकदाचा हद्दपार झालेला असेल.

पालीच्या वाटेने वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर जरूर कळवा. काठी एक न्यावी की दोन, यावर घरात अजून वाद चालू आहे.