निजामाचं दफ्तर, तीन संगणकांत

मराठवाड्यातलं घनसावंगी पूर्वी अंबड तालुक्यात होतं आणि १९५६ पर्यंत त्याचं महसुली दफ्तर हैदराबाद राज्याचं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्य भाषावार विभागलं गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्रकडे गेलं. पुढे तिन्हीकडे जमिनीच्या नोंदी संगणकावर चढल्या: कर्नाटकात ‘भूमी’, महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’, तेलंगणात ‘धरणी’. मूळ दफ्तर एकाच घराण्याचं, म्हणून ही तुलना बोलकी ठरते. कोणती प्रणाली वेगवान, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. चुकलेली नोंद दुरुस्त करायला ती किती वाट ठेवते, यावर तिची किंमत ठरावी.

‘भूमी’चा भर शिस्तीवर होता. २००० च्या सुमारास तिने हस्तलिखित उतारे बाद केले, कर्मचाऱ्यांना बोटाच्या ठशाने प्रवेश दिला आणि आधी आलेला अर्ज आधी निकाली काढण्याची सक्ती केली. ‘धरणी’ २९ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली आणि तिने वेगाची कमाल केली: तहसीलदारासमोर दस्त नोंदला की फेरफारही तिथेच. पण त्याच वर्षीच्या कायद्याने महसुली अपिलाची जुनी पायरी काढून टाकली. ज्याचं नाव चुकीचं चढलं, त्याला एक तर जिल्हाधिकाऱ्याकडे खेटे घालायचे, नाही तर दिवाणी कोर्ट. ‘धरणी’च्या तुलनेत ई-फेरफार संथच. तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहेच.

कोणी म्हणेल, ‘धरणी’तला हा दोष कायद्याचा, संगणकाचा नव्हे. अर्धं खरं आहे. पण कागदावरच्या नियमाला माणूस वळसा घालू शकतो; पडद्यावर पर्यायच नसेल, तर सज्जन तहसीलदारही हतबल होतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पंधरा दिवस म्हणजे चिरीमिरीला मोकळं रान. ते नाकारता येत नाही. मात्र त्यावर औषध ‘भूमी’च्या रांगेत आहे, मुदत छाटण्यात नाही. तेलंगणाने २०२५ मध्ये ‘धरणी’ मोडीत काढून ‘भू भारती’ आणली आणि अपिलाची तरतूद परत घातली. निकाल तिथेच लागला.

घनसावंगीच्या खातेदाराने एवढं करावं: फेरफाराची नोटीस आता ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही लागते, मुदत संपण्याआधी ती वाचावी.