खिचडी, बोकड आणि तहाची कलमे

व्यापाराची बोलणी आणि जेवणाची पंगत यांचे नाते सांगायचे झाले की हल्ली चीनचे उदाहरण हमखास दिले जाते. पाहुण्याला कोणत्या जागी बसवावे, पहिला पेला कोणी उचलावा, सौद्याचा विषय केव्हा काढावा, यांचे तेथील संकेत सूक्ष्म आहेत खरे. परंतु मराठी मुलखातील अशा एका प्रसंगाची साडेतीनशे वर्षांपूर्वीची हकिकत उपलब्ध असूनही आपण ती केवळ गंमत म्हणून वाचतो.

१६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडी आला. राज्याभिषेकाचा साक्षीदार एवढीच त्याची ओळख पाठ्यपुस्तकांनी ठेवली आहे. वास्तविक तो धंद्याच्या कामासाठी आला होता. १६६१ मध्ये लुटल्या गेलेल्या राजापूरच्या वखारीची भरपाई त्याला हवी होती, शिवाय व्यापाराच्या सवलतींचा वीस कलमी मसुदा त्याच्यापाशी होता.

जॉन फ्रायरच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या मुक्कामातील जेवणाचा किस्सा येतो. (फ्रायर स्वतः या वकिलातीत नव्हता, हे ध्यानात ठेवावे.) गडावरचे आवडते अन्न म्हणजे तुपातली खिचडी. मांसाहाराला सरावलेल्या इंग्रजांना ती फार दिवस रुचेना. तसे कळवल्यावर राजाज्ञेने एका खाटकाची नेमणूक झाली आणि रोज अर्धा बोकड खपू लागला. काही वर्षांत झाली नाही एवढी विक्री या थोड्या दिवसांत झाली, तेव्हा हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, ते पाहायला तो म्हातारा खाटीक गड चढून आला!

किस्सा रंजक आहे, पण त्याच्या शेजारी तहाची कलमे ठेवून पाहावीत. राजापूरच्या भरपाईपोटी दहा हजार होन मान्य झाले, बाकीची बहुतेक कलमेही. अडले ते नाण्यांच्या कलमावर. मुंबईचे नाणे स्वराज्यात चालावे, ही मागणी शिवाजी महाराजांनी स्वीकारली नाही. नाणे कसाला आणि वजनाला उतरले तर आमची मनाई नाही, पण तोट्याचे नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पाहुण्याच्या ताटात हवे ते वाढले गेले, रयतेच्या गाठीचे मात्र काही वाढले गेले नाही. आतिथ्य आणि व्यवहार यांतील ही सीमारेषा मला या हकिकतीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

राज्याभिषेकाच्या दिवशी ऑक्झेंडन दूर उभा होता. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांचे लक्ष गेले. त्यांनी वकिलाला सिंहासनाच्या पायाशी बोलावले, वस्त्रे दिली, आणि मग निरोप. मान आणि निरोप एकाच कृतीत! पुढे पेशवाईच्या दरबारात अत्तर-पान हातात आले की भेट संपली, हे पाहुण्याने ओळखायचे असे. चिंग काळातील चिनी अधिकारी यासाठी चहाचा पेला उचलीत, आणि त्याबरोबर पाहुणा उठे. 'आता या' हे तोंडाने म्हणायची वेळ यजमानावर येत नसे, ही दोन्हीकडची खुबी.

आता आमच्या खानदेशाकडे येऊ. चोपड्याहून तापी ओलांडली की धरणगाव. तेथे १६७४ मध्ये याच कंपनीची वखार होती, आणि गॅझेटियरमधील नोंदीनुसार दुसऱ्याच वर्षी ती मराठ्यांनी लुटली. वर्ग कोणताही असो, येथे एखादा विद्यार्थी विचारतोच : रायगडावरच्या त्या पाहुणचाराला मग काय अर्थ उरला? याला विश्वासघात म्हणणे मला पटत नाही. धरणगाव मोगलांच्या खानदेश सुभ्यात होते. पाहुणचार वकिलाचा झाला होता, शत्रूच्या बाजारपेठेतील गोदामाचा नव्हे. वस्त्रे अंगावर पडली तेव्हाच पाहुण्याचा यजमानावरील हक्क संपला होता. १६७९ मध्ये धरणगाव पुन्हा लुटले गेले, आणि त्याच्यासोबत, तेव्हा या मुलखातील अत्यंत भरभराटीच्या गावांत गणले जाणारे, आमचे चोपडेही.